घरच्या म्युझिक सिस्टीमला शांत पंखा कसा निवडायचा? जालन्याच्या उन्हाळ्यातलं गणित

मे महिन्यातली रात्र. जालन्यात दिवसभर पारा चाळिशीच्या पुढे होता आणि सूर्य मावळून दोन तास झाले तरी भिंती तापलेल्याच आहेत. जेवणं आटोपून तुम्ही गाणी लावता. अर्ध्या-पाऊण तासात आवाज एकदम बंद होतो आणि ॲम्प्लिफायरवर ‘प्रोटेक्ट’चा दिवा लुकलुकायला लागतो. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की सेट पुन्हा सुरू होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा बंद पडतो.

मेकॅनिक सांगतो, “पंखा बसवून घ्या.” तुम्ही बसवता. आता सेट बंद पडत नाही, पण गाण्यातल्या शांत जागा पंख्याच्या घरघरीत बुडून जातात. तंबोरा सुरू झालाय की पंखा, हेच कळत नाही.

सेट थंड राहावा आणि पंखा ऐकूही येऊ नये, हे जमतं का? जमतं. त्यासाठी फार महागडा पंखा लागतो असंही नाही. पंखा आवाज का करतो आणि आपल्या सेटला नेमका किती वारा लागतो, एवढं समजून घेतलं की निवड सोपी होते.

थोडक्यात उत्तर

- आधी सेटला पंखा खरंच लागतो का ते तपासा. बऱ्याचदा फक्त जागा मोकळी करून काम होतं.
- लागत असेल तर मोठा पंखा घ्या आणि हळू चालवा. १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा उत्तम.
- १२ व्होल्टचा डीसी पंखा घ्या आणि तो ७ ते ९ व्होल्टवर चालवा.
- पंखा रबरावर बसवा आणि वारा आत यायला मोकळी वाट ठेवा.
- शक्य असेल तर सेट तापल्यावरच पंखा सुरू होईल अशी सोय करा.

आता एकेक मुद्दा सविस्तर पाहू.

जालन्यात हा प्रश्न मोठा का होतो?

घरगुती रिसीव्हर आणि ॲम्प्लिफायर बहुतेक वेळा थंड किंवा वातानुकूलित घर डोळ्यासमोर ठेवून बनवलेले असतात. अनेक रिसीव्हरच्या माहितीपुस्तिकेत वापरासाठीचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस दिलेलं असतं. जालना, अंबड, परतूर, भोकरदन, जिल्ह्यात कुठेही राहा, एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत हा आकडा सहज ओलांडला जातो. म्हणजे सेट सुरू करण्याआधीच तो पुस्तिकेतल्या मर्यादेच्या बाहेर गेलेला असतो.

याचा सगळ्यात जास्त फटका बसतो तो कपॅसिटरला. ॲम्प्लिफायर उघडल्यावर दिसणारे हे डबीसारखे भाग. त्यांच्या अंगावर ८५ किंवा १०५ अंश असं छापलेलं असतं. त्यांच्या आतलं द्रव उष्णतेने हळूहळू सुकत जातं. इलेक्ट्रॉनिक्समधला सर्वमान्य ढोबळ नियम असा, की तापमान दर १० अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. उलट १० अंश कमी केले की ते जवळपास दुप्पट होतं. त्यामुळे सेट आज बंद पडत नसला, तरी रोज तापत राहिला तर त्याची वर्षं कमी होत असतात. घरात एकदाच घेतलेली, हप्ते भरून घेतलेली वस्तू असेल तर हा हिशेब महत्त्वाचा आहे.

पंखा खरंच लागतो का? आधी हे करून पाहा

सगळ्यात शांत पंखा म्हणजे न बसवलेला पंखा. म्हणून खरेदीआधी सेटच्या आजूबाजूला नजर टाका.

आपल्याकडे टीव्हीच्या शोकेसमध्ये, काचेच्या दाराआड, मागे प्लायवूड आणि दोन्ही बाजूंना फळ्या अशा खणात ॲम्प्लिफायर ठेवायची पद्धत आहे. वर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर सेट टॉप बॉक्स. ॲम्प्लिफायरच्या झाकणावरच्या फटी ही गरम हवा बाहेर पडायची मुख्य जागा असते, आणि नेमकी तीच आपण झाकून टाकतो.

तर आधी एवढं करा:

- रुमाल आणि वरचा बॉक्स काढा. वर किमान १० ते १५ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. पुस्तिकेत जास्त सांगितली असेल तर तेवढी ठेवा.
- गाणी सुरू असताना काचेचं दार उघडं ठेवा.
- खणाच्या मागच्या प्लायवूडला वरच्या आणि खालच्या भागात मोठी भोकं पाडून घ्या. गरम हवा वर जाते, खालून थंड हवा येते.
- सेटवर पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन येत असेल तर त्याची जागा बदला.

त्यानंतर तासभर नेहमीच्या आवाजात गाणी लावा आणि वायरवाल्या साध्या डिजिटल थर्मामीटरने झाकणावरच्या फटीजवळचं तापमान घ्या. खोलीच्या तापमानापेक्षा ते १० ते १५ अंशांनी जास्त असेल आणि सेट बंद पडत नसेल, तर पंख्याची गरज नाही. फरक २० अंशांच्या पुढे असेल किंवा झाकणाच्या धातूवर हात ठेवून पाच सेकंदही धरवत नसेल, तर पंख्याचा विचार करा.

साउंडबार, छोटे ब्लूटूथ स्पीकर आणि ‘क्लास डी’ प्रकारचे आधुनिक ॲम्प्लिफायर फारसे तापत नाहीत. त्यांना वेगळा पंखा सहसा लागत नाही. तापतात ते जड ट्रान्सफॉर्मरवाले ‘क्लास एबी’ ॲम्प्लिफायर, होम थिएटरचे रिसीव्हर आणि स्थानिक कारागिराकडून असेंबल करून घेतलेले सेट.

पंखा आवाज का करतो?

पंख्याचा आवाज तीन ठिकाणांहून येतो. पहिला वाऱ्याचा: पाती हवा कापतात आणि जाळीला, कडांना वारा घासतो. दुसरा मोटर आणि बेअरिंगचा: गुणगुण, टिकटिक, खरखर. तिसरा थरथरीचा: पंख्याची थरथर शोकेसच्या फळीत उतरते आणि अख्खी फळी तबल्याच्या पुडीसारखी वाजायला लागते.

या तिन्हींवर एकच गोष्ट सगळ्यात जास्त परिणाम करते, ती म्हणजे वेग. पंख्याचा वेग निम्मा केला की वारा निम्मा होतो, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबलचा फरक म्हणजे कानाला आवाज जवळपास निम्मा वाटतो. म्हणजे वाऱ्यातला तोटा कमी आणि शांततेतला फायदा कितीतरी जास्त.

आता आकाराकडे पाहू. त्याच वेगात पंख्याचा व्यास दीडपट केला तर वारा तिपटीहून जास्त मिळतो. त्यामुळे ८० मिलिमीटरचा पंखा मिनिटाला ३००० फेऱ्या मारून जेवढी हवा हलवतो, साधारण तेवढीच हवा १२० मिलिमीटरचा पंखा हजारेक फेऱ्यांत हलवतो. मोठा पंखा हळू फिरवणं, हे या विषयातलं मुख्य सूत्र आहे.

आणखी एक उपयोगी हिशेब: एक पंखा पूर्ण वेगाने चालवण्याऐवजी तसेच दोन पंखे अर्ध्या वेगाने चालवले, तर एकूण वारा तेवढाच राहतो. दोन सारखे आवाज एकत्र आल्यावर फक्त ३ डेसिबल वाढतात. म्हणजे १५ उणे ३, असा सुमारे १२ डेसिबलचा फायदा. मात्र दोन पंखे एकाच मॉडेलचे आणि एकाच अ‍ॅडॉप्टरवर असावेत. वेगात थोडा फरक पडला की आवाज कमी-जास्त होत ‘वाँव-वाँव’ असा ऐकू येतो आणि तो जास्त त्रास देतो.

किती वारा लागतो?

पंख्याचा वारा ‘सीएफएम’मध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, असा मोजतात. हिशेबाला दोन आकडे लागतात: सेट किती वॅट उष्णता सोडतो आणि खणातली हवा खोलीपेक्षा किती अंश जास्त गरम चालेल.

पहिला आकडा घरच्या वीज मीटरवरून काढता येतो. मीटरवर एका युनिटला किती वेळा लाल दिवा लुकलुकतो ते लिहिलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२०० असतं. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त सेट नेहमीच्या आवाजात चालू ठेवा आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा. मीटर ३२०० चं असेल तर ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, वॅट मिळतील. ११ सेकंद लागले तर सेट साधारण १०० वॅट घेतोय. घरातल्या आवाजात स्पीकरपर्यंत जाणारी वीज थोडीशीच असते, त्यामुळे यातली जवळपास सगळी वीज उष्णता होते असं धरायला हरकत नाही.

दुसरा आकडा तुम्ही ठरवायचा. १० अंश हे सोयीचं उद्दिष्ट आहे.

आता सूत्र: वॅटची दुप्पट करा आणि अंशांनी भागा. १०० वॅटची दुप्पट २००, त्याला १० ने भागलं की २० सीएफएम.

हे सूत्र जालन्याच्या उन्हाळ्याला धरून आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे आणि ४० अंशांच्या पुढची हवा विरळ असते. विरळ हवा तेवढीच उष्णता वाहून न्यायला थोडी जास्त लागते. किनाऱ्यावर ३० अंशांच्या हवेत हेच काम साधारण १८ सीएफएममध्ये होईल.

एक गोष्ट लक्षात ठेवा. पंखा सेटला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीत ४२ अंश असतील तर खणात ५२ होतील. अशा दुपारी मोठ्या आवाजात तासन्तास गाणी लावायची असतील, तर आधी खोली गार करणं हाच उपाय आहे.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे?

सीएफएम: हा आकडा पंख्यासमोर काहीच अडथळा नसताना मोजलेला असतो. जाळी, फटी आणि शोकेसची भिंत आली की वारा घटतो. म्हणून छापील आकड्याचा निम्माच धरा. २० सीएफएम हवे असतील तर तुम्ही ज्या वेगाने चालवणार त्या वेगाला ४० सीएफएमचा पंखा हवा. १२० मिलिमीटरचे बरेच पंखे हजारेक फेऱ्यांवर एवढा वारा देतात.

स्थिर दाब: वारा अडथळ्यातून ढकलायची ताकद. पंखा मोकळ्या भोकावर बसवायचा असेल तर याची फारशी चिंता नको. धूळ अडवणारी जाळी किंवा हीटसिंकच्या दाट पट्ट्यांतून वारा न्यायचा असेल तर जास्त दाबाचा पंखा बघा.

डेसिबल: हा आकडा बहुधा शांत प्रयोगशाळेत एक मीटरवरून मोजलेला असतो आणि सगळ्या कंपन्यांची पद्धत सारखी नसते. तुलनेसाठी काही संदर्भ: जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत झोपायच्या खोलीतल्या सततच्या आवाजासाठी ३० डेसिबलची पातळी सुचवली होती. भारतातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती बाहेरच्या आवाजासाठी. घरात बसून गाणं ऐकायचं तर पंखा २० डेसिबलच्या आसपास असावा.

फेऱ्या: बाकीच्या आकड्यांवर विश्वास नसेल तर हा बघा. १२० मिलिमीटरचा पंखा १२०० फेऱ्यांच्या आत असेल तर तो बहुधा शांत असतो. २००० च्या पुढे असेल तर वेग कमी करावाच लागेल. उदाहरणार्थ, ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीच्या ‘एनएफ-एस१२ए’ या १२० मिलिमीटरच्या पंख्याला १२०० फेऱ्या, सुमारे ६३ सीएफएम आणि १७.८ डेसिबल असे आकडे दिलेले आहेत. हाच पंखा घ्या असं नाही, पण चांगल्या पंख्याचे आकडे कसे दिसतात याचा अंदाज येतो.

बेअरिंग कोणतं?

*बुशचा पंखा* स्वस्त असतो आणि नवा असताना शांत असतो. पण त्यातलं तेल उष्णतेने सुकतं आणि वर्ष-दोन वर्षांत खरखर सुरू होऊ शकते. असा पंखा आडवा, म्हणजे सेटच्या झाकणावर पालथा ठेवला, तर तो आणखी लवकर जातो.

*बॉल बेअरिंग* उष्णतेत जास्त टिकतं आणि कोणत्याही दिशेने बसवता येतं. मात्र शांत खोलीत जवळून बारीक टिकटिक ऐकू येऊ शकते.

*फ्लुइड बेअरिंग* शांतही असतं आणि टिकतंही. किंमत जास्त, पण सेट बैठकीच्या खोलीत आणि तुम्ही जवळ बसणार असाल तर हेच घ्या.

२३० व्होल्टचा की १२ व्होल्टचा?

वेल्डिंग मशीन, स्टॅबिलायझर आणि कंट्रोल पॅनेलमध्ये लागणारा लोखंडी चौकटीचा २३० व्होल्टचा पंखा इलेक्ट्रिकच्या दुकानात सहज मिळतो. मेकॅनिक बहुतेक वेळा तोच बसवतो, कारण अ‍ॅडॉप्टर लागत नाही. पण तो कारखान्यातल्या यंत्रासाठी बनलेला असतो. मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेऱ्या आणि ५० हर्ट्झच्या विजेमुळे येणारी १०० हर्ट्झची सततची गुणगुण. त्याच्या मोटरचं चुंबकीय क्षेत्र जवळच्या ऑडिओ वायरमध्ये घरघर आणू शकतं. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर तर तो आणखीच भणभणतो.

घरच्या संगीतासाठी कॉम्प्युटरमध्ये लागणारा १२ व्होल्टचा डीसी पंखा घ्या. तो एक-दोन वॅटमध्ये चालतो. २ वॅटचा पंखा ५०० तास चालला तर एक युनिट वीज जाते. जालन्यात हवं ते मॉडेल मिळालं नाही तर छत्रपती संभाजीनगर, पुण्याची तापकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी करता येते, नाहीतर ऑनलाइन मागवता येतं.

दुकानात ‘चार इंची’ म्हणून वेगवेगळ्या मापांचे पंखे दाखवतात. म्हणून मिलिमीटरमध्ये मागा. १२० मिलिमीटरच्या पंख्याच्या दोन स्क्रूंमधलं अंतर १०५ मिलिमीटर असतं, ८० च्या पंख्याचं ७१.५ आणि १४० च्या पंख्याचं १२४.५.

वेग कमी कसा करायचा?

सगळ्यात सोपा उपाय घरातच सापडेल. जुन्या राउटरचा ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर. १२ व्होल्टचा पंखा त्यावर साधारण तीन चतुर्थांश वेगाने फिरतो. ७ व्होल्टवर वेग साठ टक्क्यांच्या आसपास येतो आणि आवाज सुमारे १० डेसिबलने उतरतो. व्होल्टेज कमी-जास्त करणारी छोटी पट्टी मिळते, ती वापरली की हवा तो आकडा ठेवता येतो. ५ व्होल्टवर काही पंखे सुरूच होत नाहीत, त्यामुळे टीव्हीच्या यूएसबीवर चालवायचा असेल तर ५ व्होल्टचाच पंखा घ्या. त्याचा फायदा असा की बऱ्याच टीव्हींवर तो टीव्हीबरोबर सुरू आणि बंद होतो.

दोन काळज्या घ्या. पंख्याची वीज ॲम्प्लिफायरच्या आतून काढू नका, स्पीकरमधून मोटरचा आवाज यायची शक्यता असते. आणि अ‍ॅडॉप्टर घेताना त्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक आहे ना ते पाहा. हा अ‍ॅडॉप्टर फळ्यांच्या मध्ये, कुणी बघत नसताना चालू राहणार असतो.

तापल्यावरच चालणारा पंखा

जालन्यासारख्या ठिकाणी एक गोष्ट आपल्या बाजूने असते. मे महिन्यात सेटला सगळ्यात जास्त वारा लागतो, तेव्हा घरात कुलर सुरू असतो. त्याचाच आवाज ५० ते ६० डेसिबल असतो, त्यात सेटचा पंखा ऐकूच येत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री घर एकदम शांत असतं, तेव्हा पंख्याची बारीक गुणगुणही कानाला टोचते. पण त्या थंडीत सेटला पंख्याची गरजच फार कमी असते.

म्हणून पंखा तापमानावर चालवला तर दोन्ही ऋतूंचा प्रश्न सुटतो. ‘केएसडी ३०१’ नावाचा बटणाएवढा स्विच मिळतो. तो पंख्याच्या वायरमध्ये जोडून ॲम्प्लिफायरच्या झाकणावर, सगळ्यात गरम जागी घट्ट बसवायचा. ५० अंशांचा घ्या. ४० चा घेतला तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात सेट तापायच्या आधीच तो पंखा सुरू करून टाकेल. घेताना ‘तापल्यावर जोडणारा’ आहे ना ते विचारून घ्या. याच आकाराचा ‘तापल्यावर तोडणारा’ स्विचही मिळतो. तो बसवला तर सेट थंड असताना पंखा चालेल आणि तापल्यावर नेमका बंद होईल.

पंखा कसा बसवायचा?

- पंखा शोकेसच्या मागच्या बाजूला, वरच्या भागात बसवा आणि गरम हवा बाहेर फेकू द्या. बाणाची खूण नसेल तर लक्षात ठेवा: बहुतेक पंख्यांत ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या असतात, त्या बाजूने वारा बाहेर पडतो.
- खाली, समोरच्या बाजूला हवा आत यायला जागा द्या. १२० मिलिमीटरच्या पंख्याला किमान १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे २० बाय ५ ची फट. ही वाट नसेल तर पंखा फक्त आवाज करतो.
- बारीक भोकांच्या पत्र्यापेक्षा तारेची गोल जाळी शांत असते. पंखा हवा ओढतो त्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटरच्या आत काही अडथळा नको.
- स्क्रू थेट फळीत आवळू नका. सिलिकॉनच्या खुंट्या वापरा. त्या नसतील तर सायकलच्या जुन्या ट्यूबचे वॉशर कापून स्क्रूच्या दोन्ही बाजूंना लावा.
- असेंबल केलेल्या सेटचं हीटसिंक बाहेर असेल तर पंख्याचा वारा थेट त्याच्या पट्ट्यांवर जाऊ द्या. अगदी मंद वाऱ्यानेही मोठा फरक पडतो.
- टर्नटेबल किंवा मायक्रोफोनच्या वायरपासून पंखा आणि अ‍ॅडॉप्टर लांब ठेवा.

कंपनीचा रिसीव्हर असेल तर त्याला भोक पाडू नका. वॉरंटी जाते आणि धातूचा कीस सर्किटवर पडला तर शॉर्ट होतं. झाकण उघडायचं काम माहितगारावर सोडा, कारण प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

धूळ, पाली आणि कुलर

उन्हाळ्यात शेतांची माती उडते, कापूस वेचणीच्या दिवसांत तंतू उडतात. हे सगळं पंखा ओढतो. पात्यांवर धूळ बसली की तोल बिघडतो आणि शांत पंखाही थरथरतो. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा, बाकी दिवसांत दोन-तीन महिन्यांनी मऊ ब्रशने पाती पुसा. ब्लोअर मारणार असाल तर पाती बोटाने धरून ठेवा. जोराच्या वाऱ्याने पंखा भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं.

पाली आणि उंदीर आत जाऊ नयेत म्हणून मोकळ्या भोकांवर जाळी हवी. डासांची बारीक जाळी लावली तर वारा अडतो आणि ती लवकर धुळीने भरते, म्हणून ती लावायची तर भोक दुप्पट मोठं ठेवा.

कुलरने खोली गार होते, सेटलाही फायदा होतो. फक्त कुलरचा झोत थेट सेटवर घेऊ नका. त्यातून येणारे पाण्याचे तुषार आणि क्षार सर्किटला नुकसान करतात.

सेटमधला जुना पंखा बदलताय?

काही ॲम्प्लिफायरमध्ये कंपनीनेच पंखा दिलेला असतो. तो आवाज करतो म्हणून त्याच मापाचा ‘सायलेंट’ पंखा आणून बसवायचा मोह होतो. इथे सावध राहा. त्याच मापाचा शांत पंखा बहुतेक वेळा हळू फिरतो म्हणून शांत असतो, म्हणजे वाराही कमी देतो. जुन्या पंख्याच्या लेबलवरचे व्होल्ट, अँपिअर, जाडी आणि जमल्यास सीएफएम जुळवून घ्या. तीन वायर असतील तर तिसरी वेग कळवणारी असते. ती जोडली नाही, किंवा नवा पंखा फार हळू फिरला, तर काही सेट ‘पंखा बंद आहे’ असं समजून सुरूच होत नाहीत. आधी जुना पंखा साफ करून पाहा, आवाज बऱ्याचदा धुळीचाच असतो.

आवाजावरून दुखणं ओळखा

- *सूं-सूं:* वाऱ्याचा आवाज. वेग कमी करा किंवा जाळी बदला.
- *सततची गुणगुण:* थरथर फळीत उतरतेय. पंखा हाताने जरा उचलून धरा. आवाज गेला तर रबर लावा.
- *खरखर, सुरू होताना किरकिर:* बेअरिंग गेलं. पंखा बदला.
- *ठराविक टकटक:* वायर किंवा जाळी पात्याला लागतेय.
- *पंखा लावल्यावर स्पीकरमधून घरघर:* अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या सॉकेटवर किंवा दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरने चालवून पाहा.

शेवटची परीक्षा

मोबाइलमधली आवाज मोजायची ॲप ३० डेसिबलच्या खाली फारशी भरवशाची नसतात. त्यापेक्षा चांगली परीक्षा घरातच होते. रात्री सगळं निजानीज झाल्यावर छताचा पंखा बंद करा आणि नेहमीच्या जागी डोळे मिटून बसा. घरातल्या कुणाला तरी सेटचा पंखा न सांगता दहा वेळा चालू-बंद करायला सांगा आणि प्रत्येक वेळी तुम्ही ओळखा. पाच-सहाच बरोबर आले तर तो निव्वळ अंदाज झाला, म्हणजे पंखा तुम्हाला ऐकू येत नाही. नऊ-दहा बरोबर आले तर व्होल्टेज थोडं आणखी उतरवा.

मग दुसऱ्या दिवशी भर दुपारी तासभर गाणी लावून फटीजवळचं तापमान पुन्हा घ्या. या दोन्ही परीक्षांत जो पंखा उतरला, तो तुमच्या सेटसाठी योग्य पंखा.